मानधनाची संस्कृती आणि वेतनाचा हक्क

दरवर्षी ३ डिसेंबर उजाडला की अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांची सभागृहे गजबजतात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली हा दिवस अपंगांच्या नावे लावून दिला, तेव्हापासून त्याचा एक ठरीव विधी होऊन बसला आहे. व्यासपीठावर मंत्री किंवा उद्योगपती, शाल आणि श्रीफळ, स्वागतगीत म्हणणारी अंध मुले. आणि दाराशी मांडलेल्या टेबलावर मेणबत्त्या, कागदी पिशव्या, रंगवलेल्या पणत्या व खडूचे खोके. पाहुणे चार वस्तू विकत घेतात, या मुलांची जिद्द सर्वांना प्रेरणा देणारी आहे असे सांगतात आणि मोटारीत बसून निघून जातात. ज्यांना ते ‘मुले’ म्हणतात त्यांतील कित्येकांचे केस पांढरे झालेले असतात. त्या मेणबत्त्या ज्यांनी ओतल्या त्यांच्या हातात महिनाअखेर किती पैसे पडतात, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांतही तो विचारला जात नाही.

पाट्या मात्र बदलत आल्या आहेत. ‘पांगळे’ होते ते ‘अपंग’ झाले, अपंगांचे ‘विकलांग’ झाले, आणि २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवल्यावर सरकारी कागदांवर तोच रुळला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते निघाले. अपंगांचे प्रश्न दुसऱ्या खात्याच्या कोपऱ्यात पडून राहत होते, हे पाहता स्वतंत्र खाते ही चांगलीच गोष्ट होय. तथापि नाव आणि खाते बदलल्याने कार्यशाळेतील माणसाचे जिणे बदलते असे नाही. आता या नामांतरांच्या मालिकेत एक नवा शब्द येऊन दाखल झाला आहे. अपंगांना रोजगार मिळवून देणाऱ्या संस्थांची ‘संस्कृती’ बदलली पाहिजे, असे देणगीदार म्हणू लागले आहेत. त्यासाठी व्यवस्थापनशास्त्राचे सल्लागार येतात, दोन दिवसांचे शिबिर होते, कर्मचाऱ्यांकडून रंगीत कागदांच्या चिठ्ठ्यांवर मूल्ये लिहून घेतली जातात आणि ‘सन्मान’, ‘सहभाग’, ‘सक्षमीकरण’ असे तीन शब्द चौकटीत बसवून भिंतीवर लावले जातात. सोमवारी सकाळी कार्यशाळा उघडते आणि कालपर्यंत जे चालले होते तेच पुढे सुरू होते.

संस्कृती बदलली पाहिजे, हे म्हणणे खरे आहे. ती कशाने बनते आणि कशाने बदलते, याविषयीची समजूत मात्र खोटी आहे. संस्थेची संस्कृती माणसांच्या मनोवृत्तीतून निर्माण होते असे सल्लागार मानतात. वस्तुतः ती संस्थेच्या हिशेबातून निर्माण होते. कोणाला वेतन आणि कोणाला मानधन, कोण नोकर आणि कोण लाभार्थी, निर्णय कोण घेतो आणि टाळ्या कोण वाजवतो, या गोष्टी जशाच्या तशा ठेवून मनोवृत्ती बदलू पाहणे म्हणजे जमिनीची मालकी न बदलता जमीनदाराला नम्रतेचे धडे देणे होय.

एका छपराखाली दोन वह्या

संरक्षित कार्यशाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत शिरल्यावर भिंतीवरचे शब्द वाचण्याऐवजी वह्या उघडून पाहाव्यात. एका वहीत अधीक्षक, निदेशक, काळजीवाहक आणि लिपिक यांची नावे असतात. त्यांच्यापुढील रकान्याला ‘वेतन’ म्हणतात. दुसऱ्या वहीत सकाळी दहा ते सायंकाळी पाच पाकिटे चिकटवणारे, खुर्च्या विणणारे, मेण ओतणारे यांची नावे असतात. त्यांच्यापुढील रकान्याला ‘मानधन’ किंवा ‘विद्यावेतन’ म्हणतात. शब्द मोठा प्रतिष्ठित आहे. व्याख्यानाला आलेल्या विद्वानालाही मानधनच दिले जाते. पण विद्वानाचे घर त्या मानधनावर चालत नसते. कार्यशाळेत या शब्दाचा व्यावहारिक अर्थ इतकाच की येथे कोणी मालक नाही, कोणी कामगार नाही; म्हणून किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही आणि तक्रार करण्याचा अधिकारही नाही. मान देऊन धन टाळण्याची ही युक्ती आहे.

दुसरा शब्द ‘प्रशिक्षणार्थी’. वयाच्या अठराव्या वर्षी विशेष शाळेतून कार्यशाळेत आलेला मतिमंद मुलगा चाळिशीतही प्रशिक्षणार्थीच असतो. बावीस वर्षे ज्याचे शिक्षण चालते असा पाकिटे चिकटवण्याचा कोणता गहन व्यवसाय आहे, हे कोणी सांगत नाही. प्रशिक्षण संपले असे ज्या दिवशी जाहीर करावे लागेल त्या दिवशी पुढचा प्रश्न उभा राहील: आता याला नोकरी कोठे? तो प्रश्न उभा राहू नये म्हणून शिक्षण संपू दिले जात नाही.

या व्यवस्थेतील कर्मचारी दुष्ट असतात असे मुळीच नाही. त्यांपैकी अनेकांनी आयुष्ये वेचलेली आहेत. विनाअनुदानित संस्थांतील निदेशकांचे स्वतःचे पगारही तुटपुंजे असतात, आणि अनुदानितांना अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहावी लागते. दोष त्यांच्या हृदयात नाही, ज्या गणिताने त्यांना काम करावे लागते त्या गणितात आहे. संस्थेचे अनुदान पटावरील संख्येवर अवलंबून असेल, तर एक माणूस बाहेर नोकरीला लागणे म्हणजे पटावरील एक नाव कमी होणे. आणि बाहेर जाण्यास सर्वांत योग्य कोण? ज्याचा हात चपळ आहे, जो वेळेवर येतो, जो इतर चौघांना सांभाळून घेतो तो. नेमक्या त्याच माणसावर दिवाळीच्या पणत्यांची ऑर्डर पूर्ण होत असते. त्याला सोडणे संस्थेला परवडत नाही. म्हणजे ज्या संस्थेचा उद्देश माणसाला बाहेरच्या जगात उभे करणे हा आहे, तिचा हिशेब त्याच माणसाला आत धरून ठेवल्याशिवाय जुळत नाही. हा अंतर्विरोध दोन दिवसांच्या शिबिराने सुटणारा नाही.

आणि ही प्रथा केवळ संस्थांच्या अंगवळणी पडलेली नव्हती, कायद्यानेच तिला दार उघडून ठेवले होते. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या २६ व्या कलमाच्या पहिल्याच पोटकलमात अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू होणार नाही, असा आदेश देण्याची मुभा सरकारला होती. कामगाराला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे हे तत्त्व नवस्वतंत्र देशाने ज्या कायद्यात लिहिले, त्याच कायद्यात अपंग माणसाला त्या तत्त्वातून वगळण्याचीही सोय होती. २०२५ च्या नोव्हेंबरात वेतन संहिता अमलात आली आणि तो जुना कायदा मागे पडला. पण त्यामागची समजूत मागे पडलेली नाही. अपंग माणसाचे काम हे खरे काम नव्हे, ते त्याचे मन रमवण्याचे साधन आहे, आणि त्याबद्दल जे मिळते ती मजुरी नव्हे, बक्षिसी आहे: ही ती समजूत.

ही समजूत भारतापुरती मर्यादित नाही. अमेरिकेत रूझवेल्ट यांच्या राजवटीत १९३८ साली जो किमान वेतनाचा कायदा झाला त्याच्या चौदाव्या कलमात अपंगांना त्याहून कमी मजुरी देण्याचे परवाने मालकांना देण्याची तरतूद आहे. हे परवाने टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव तेथील कामगार खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये मांडला आणि सरकार बदलल्यावर जुलै २०२५ मध्ये तो मागे घेतला. अपंगांच्या श्रमाला दुय्यम लेखण्याची सवय कोठपर्यंत जाते हे आयोवा राज्यातील अ‍ॅटालिसा या खेड्यात उघड झाले. टेक्सासमधील एका कंपनीने बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष तेथील एका जुन्या शाळेच्या इमारतीत दशकानुदशके ठेवले होते. ते टर्कीचे मांस तयार करण्याच्या कारखान्यात राबत. राहणे-जेवणे-देखभाल यांचे पैसे कापून त्यांच्या हातात महिन्याला ६५ डॉलर पडत. २००९ साली प्रकरण उजेडात आले आणि २०१३ मध्ये ज्युरीने ३२ पुरुषांना २४ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. परंतु भरपाईवर कायद्याचीच कमाल मर्यादा असल्याने ती रक्कम सुमारे १६ लाखांवर आली. तेथेही व्यवस्थापनाची भाषा ‘आम्ही यांची काळजी घेतो’ अशीच होती. काळजी आणि मालकी यांच्यामधील भिंत किती पातळ असते, हे अ‍ॅटालिसाने दाखवून दिले.

बदल कोणी घडवला?

संस्थांची संस्कृती आजवर जेथे म्हणून बदलली तेथे ती कोणी बदलली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात धर्मादाय संस्थांनी अंधांसाठी टोपल्या आणि ब्रश बनवण्याच्या कार्यशाळा काढल्या. पुण्य संस्थाचालकांच्या खात्यावर जमा होत होते, आणि अंध विणकऱ्यांची मजुरी पोटापुरतीही नव्हती. १८९९ साली या अंध कामगारांनी स्वतःची संघटना स्थापन केली, ‘नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड’. ही धर्मादाय मंडळी नव्हे, कामगार संघटना होती. ती ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये सामील झाली. एप्रिल १९२० मध्ये न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्स येथून तिचे अंध कामगार पायी निघाले आणि लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पोहोचले. ‘न्याय हवा, दया नको’ ही त्यांची घोषणा होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने अंधांसाठीचा कायदा केला. त्यांच्या मागण्या त्याने पुरत्या मान्य केल्या नाहीत. पण अंधांचे कल्याण ही दानशूरांची मर्जी नसून सार्वजनिक संस्थांची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्याने कायद्याच्या पुस्तकात आणले. देणगीदारांच्या मंडळाने हे केले नाही. ज्यांना ‘लाभार्थी’ म्हटले जात होते ते रस्त्यावर आले तेव्हा हे घडले.

भारताचा अनुभव वेगळा नाही. सरकारी यंत्रणा येथे फार उशिरा जागी झाली असे म्हणता येत नाही. अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ सालीच मुंबईत निघाले. त्याआधी दहा वर्षे, १९४९ मध्ये, बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवून कुष्ठरोग्यांच्या हातातील भिक्षापात्र काढून तेथे कुदळ दिली होती. माणसाला भीक नको, श्रम हवा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पण श्रमाची संधी देणे ही अर्धी वाट होती. त्या श्रमाचा दाम हक्काने मागणे, ही उरलेली अर्धी वाट अपंगांना स्वतःच चालावी लागली. मार्च १९८० मध्ये दिल्लीत नोकऱ्यांची मागणी करणाऱ्या अंध मोर्चेकऱ्यांवर पोलिसांनी लाठी चालवली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९५ मध्ये, अपंग व्यक्तींसाठीचा पहिला व्यापक कायदा होऊन सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखीव झाल्या. त्या जागा कशावर मोजायच्या याचा घोळ सरकारी खाती वर्षानुवर्षे घालत राहिली. अखेर अंधांच्याच राष्ट्रीय महासंघाला न्यायालयात जावे लागले, आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले की हे प्रमाण संवर्गातील एकूण रिक्त जागांवर काढले पाहिजे. एका साध्या गुणाकाराची रीत ठरायला कायदा झाल्यापासून अठरा वर्षे लागली. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण चार टक्के केले आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार इत्यादी असलेल्यांसाठी ठेवला. ज्यांना प्रथमपासून कार्यशाळेच्या चार भिंतींत टाकून दिले होते त्यांचा नोकरीवरील हक्क येथे प्रथमच अंकांत मांडला गेला.

समावेशाच्या नावाने टाळे

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग या कार्यशाळा बंदच करून टाकाव्यात. नेमके येथेच सावध राहिले पाहिजे. कारण ‘अलग ठेवणे वाईट’ हे अपंग चळवळीचे खरे वाक्य उचलून खर्चकपातीची कुऱ्हाड चालवणारे राज्यकर्ते जगात आहेत, आणि त्याचे उदाहरण पुन्हा इंग्लंडचेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या कायद्यान्वये, ब्रिटनने ‘रेम्प्लॉय’ नावाची सरकारी कंपनी उभी केली. युद्धात जायबंदी झालेले सैनिक आणि खाणीत निकामी झालेले मजूर यांना काम देण्यासाठी १९४६ मध्ये वेल्समधील ब्रिजेंड येथे तिचा पहिला कारखाना निघाला. पुढे देशभर त्यांचे जाळे पसरले. हे कारखाने अपंगांपुरतेच होते, हा त्यांचा दोष खराच. परंतु तेथे मानधन नव्हते, वेतन होते. तेथे लाभार्थी नव्हते, कामगार होते. त्यांच्या युनियन होत्या आणि त्या व्यवस्थापनाशी करार करत. २००८ मध्ये मजूर पक्षाच्याच राजवटीत त्यांपैकी दोन डझनांहून अधिक कारखाने बंद झाले. २०११ साली सरकारने नेमलेल्या लिझ सेस यांच्या अहवालाने दाखवले की कारखान्यातील एका नोकरीमागे सरकारला वर्षाला सुमारे २५,००० पौंड पडतात. तेच पैसे खुल्या बाजारातील नोकरीत लागणाऱ्या साहाय्यावर खर्चले तर कितीतरी अधिक अपंगांना काम मिळेल. युक्तिवाद म्हणून त्यात तथ्य होते. मार्च २०१२ मध्ये सरकारने पहिल्या टप्प्यात ३६ कारखाने बंद करण्याची घोषणा केली. जुलैत अपंग कामगारांनी संप केला. २०१३ संपण्यापूर्वी उरलेल्या कारखान्यांनाही टाळे लागले किंवा ते विकले गेले. मंदीच्या ऐन काळात, दुसरी नोकरी हातात नसताना, पन्नाशीतल्या माणसांना ‘समाजात समाविष्ट’ होण्यासाठी दाराबाहेर काढण्यात आले. वर्ष उलटून गेले तरी त्यांतील मोठा भाग कामाविना होता. आणि नोकऱ्या शोधून देण्याचा रेम्प्लॉयचा जो विभाग उरला, तो २०१५ मध्ये मॅक्सिमस या अमेरिकी कंपनीच्या हाती गेला.

त्याच वर्षांत तेथे बेकारांना कामाला लावण्याची जी योजना ठेकेदारांमार्फत चालवली गेली, तिच्यात माणूस नोकरीला लागला तर ठेकेदाराला पैसे अशी रीत होती. परिणाम व्हायचा तोच झाला. ज्यांना नोकरी सहज मिळण्यासारखी होती त्यांच्यावर ठेकेदारांनी मेहनत घेतली, आणि ज्यांना खरोखर मदतीची गरज होती त्यांना यादीत तसेच पडू दिले. दुधावरची साय काढून घ्यायची आणि दूध ओट्यावर नासू द्यायचे, असा हा प्रकार होता. धर्मादाय संस्था सर्वांत कर्तबगार अपंगाला आत धरून ठेवते, तर ठेकेदार सर्वांत गरजू अपंगाला बाहेर टाकतो. दोन्हीकडे माणूस गणितात बसवला जातो. गणित माणसाप्रमाणे बदलले जात नाही.

भारतात या ठेकेदारी संस्कृतीची चाहूल लागलेलीच आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून चालणाऱ्या प्रकल्पांना ‘किती जणांना नोकरी लावली’ एवढाच आकडा हवा असतो. मग रोजगार मेळावे भरतात, नेमणूकपत्रे वाटतानाची छायाचित्रे निघतात, आणि तीन महिन्यांनी त्यांतील किती जण कामावर टिकले याची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही. चाकाच्या खुर्चीवरील तरुणीला मॉलमध्ये नोकरी दिली, पण तेथवर पोहोचवणारी बस नाही. कर्णबधिर मुलाला कारखान्यात घेतले, पण फोरमनला खुणांच्या भाषेतील दहा शब्दही येत नाहीत. तो मुलगा नोकरी सोडतो आणि अहवालात त्याच्या ‘टिकून राहण्याच्या क्षमतेचा अभाव’ नोंदवला जातो. कायद्याची स्थितीही लक्षात घेण्यासारखी आहे. चार टक्क्यांचे बंधन आहे ते सरकारी आस्थापनांवर. खासगी मालकांसाठी २०१६ चा कायदा पाच टक्के अपंग घेतल्यास प्रोत्साहन देण्याची भाषा करतो, सक्ती करत नाही. आणि सरकारी आस्थापनांत शिपाई, लिपिक, दूरध्वनिचालक ही कामे एकेक करून कंत्राटदाराकडे जात असताना चार टक्के मोजायचे तरी कशाचे? राखीव जागा कागदावर वाढत आहेत, पण ज्या जागांतून त्या राखायच्या त्या जागाच कमी होत आहेत. या प्रश्नावर संस्कृती-परिवर्तनाचे सल्लागार कधी चिठ्ठ्या लिहून घेत नाहीत.

पालकांची भीती

या सर्व चर्चेत एक आवाज असा आहे की ज्याच्याशी वाद घालताना आवाज चढवता येत नाही. तो पालकांचा आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तीस वर्षांच्या मुलीची आई म्हणते: ‘येथे ती सुरक्षित आहे. येथे तिला कोणी हसत नाही. तुमच्या खुल्या बाजारात तिला कोण सांभाळणार? आणि नोकरी सुटली तर? निराधार योजनेचे अनुदान एकदा बंद झाले की ते पुन्हा सुरू करायला किती खेटे घालावे लागतात, ते तुम्हाला ठाऊक आहे काय?’ या प्रश्नांना मागासलेपणा म्हणून हिणवणारा सुधारक हा सुधारक नव्हे. ती भीती अनुभवातून आली आहे. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली की साहाय्य बंद, ही अट म्हणजे कमावू लागणाऱ्या अपंगाला केलेला दंडच होय.

परंतु आईच्या प्रश्नाचा रोख नीट पाहिला पाहिजे. ती सुरक्षितता मागते, मानधन मागत नाही. सोबत मागते, भिंती मागत नाही. सुरक्षितता, सोबत आणि वेतन ही तिन्ही एकत्र मिळू शकत नाहीत, असे तिला कार्यशाळेने आणि बाजाराने मिळून पटवून दिले आहे. ते खरे नाही. अमेरिकेतील व्हरमाँट या छोट्या राज्याने १९८० च्या दशकापासून निराळी वाट धरली. माणसाला आधी वर्षानुवर्षे शिकवून मग नोकरी शोधण्याऐवजी आधी नोकरी मिळवायची आणि त्या नोकरीच्या जागीच, एक सहायक त्याच्या बाजूला उभा करून, काम शिकवायचे. काम जमू लागले की सहायकाने हळूहळू मागे सरायचे, पण हाकेच्या अंतरावर राहायचे. त्यासाठी इमारतींवर खर्च होणारा पैसा माणसांमागे वळवण्यात आला, आणि कार्यशाळेतील निदेशकच नव्या पद्धतीचे सहायक झाले. २००२ मध्ये तेथील शेवटची संरक्षित कार्यशाळा बंद झाली. क्रम महत्त्वाचा आहे. आधी नोकऱ्या, मग टाळे. रेम्प्लॉयप्रमाणे आधी टाळे आणि मग आश्वासन नव्हे.

ऱ्होड आयलंड राज्यात हे आपण होऊन घडले नाही. तेथील एका कार्यशाळेत ताशी सरासरी दीड डॉलरच्या आसपास मजुरी दिली जात होती, आणि एका सरकारी शाळेतून अपंग विद्यार्थी सरळ त्या कार्यशाळेत पाठवले जात होते. केंद्र सरकारच्या न्याय खात्याने हा नागरी हक्कांचा भंग ठरवला. २०१४ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली दहा वर्षांचा करार झाला. सुमारे ३,२५० अपंगांना त्याच्या कक्षेत घेण्यात आले. संस्थांना मुदती मिळाल्या, पैसा मिळाला, प्रशिक्षण मिळाले, आणि न पाळल्यास न्यायाधीशापुढे उभे राहण्याची जबाबदारीही मिळाली. संस्थांना ‘मार्गदर्शन’ करावयाचे ते असे करावे लागते. एका हातात मदत आणि दुसऱ्या हातात कायदा असेल, तरच संस्थेची जुनी सवय मोडते.

काय केले पाहिजे

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मंजूर केला. त्याचे २७ वे कलम इतरांच्या बरोबरीने काम करून उपजीविका मिळवण्याचा हक्क सांगते. आणि त्या कराराच्या समितीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की अलग ठेवणाऱ्या कार्यशाळा म्हणजे त्या हक्काची पूर्तता नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते, त्यांतील साडेएकोणतीस लाखांहून अधिक महाराष्ट्रात. आणि देशातील अपंगांपैकी जेमतेम ३६ टक्के कामकरी म्हणून नोंदले गेले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण २३ टक्के होते. एवढ्या मोठ्या समूहाचा प्रश्न भिंतीवरील तीन शब्दांनी सुटणार नाही. पाच गोष्टी मात्र आजही करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, जेथे वस्तू तयार होऊन विकली जाते तेथे ती तयार करणारा कामगार आहे, हे सरकारने जाहीर करावे आणि त्याला किमान वेतन द्यावे. संस्थेच्या विक्रीतून ते भागत नसेल तर तूट सार्वजनिक निधीतून भरावी. ती अपंगाच्या मजुरीतून भरली जाऊ नये. दुसरी, प्रशिक्षणाला मुदत असावी. मुदतीनंतर माणूस एकतर नोकरीत असेल किंवा संस्थेचा वेतनधारी कामगार असेल. तिसरी, अनुदान पटसंख्येवर किंवा नेमणूकपत्रांच्या आकड्यावर न देता माणूस कामावर किती काळ टिकला आणि त्याला किती आधार द्यावा लागला यावर द्यावे, म्हणजे कर्तबगार माणसाला धरून ठेवण्याचा आणि गरजू माणसाला टाकून देण्याचा, दोन्ही मोह संपतील. चौथी, संस्थेच्या नियामक मंडळात निम्म्या जागा अपंगांच्या असाव्यात. त्यांत कार्यशाळेतील कामगारांनी स्वतः निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत, आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना समजेल अशा भाषेत मंडळाचे कामकाज चालावे. पाचवी, कोणतीही कार्यशाळा तेथील शेवटच्या माणसाला पर्यायी काम मिळाल्याखेरीज बंद होऊ नये, आणि नोकरी सुटल्यास त्याचे अनुदान अर्ज न करता पुन्हा सुरू व्हावे.

यांतील एकही गोष्ट कामगार चळवळीच्या सहभागावाचून होणार नाही, आणि येथे चळवळीनेही आपल्या अंगणात पाहिले पाहिजे. गिरणी, बंदर, रेल्वे, बँक अशा सर्व क्षेत्रांत संघटना बांधणाऱ्या महाराष्ट्रातील युनियननी संरक्षित कार्यशाळांची पायरी क्वचितच चढली. तेथे काम करणारा माणूस कामगार आहे हे मालकाला मान्य नव्हते, हे समजण्यासारखे आहे. ते कामगार चळवळीलाही सुचू नये, हे समजण्यासारखे नाही. लंडनच्या रस्त्यांवरून १९२० मध्ये चालत गेलेल्या अंध विणकऱ्यांना जे कळले होते, ते शंभर वर्षांनंतर येथील युनियनच्या कार्यालयात कळायला हरकत नसावी.

पुढचा ३ डिसेंबर येईलच. शाली येतील, श्रीफळे येतील, टेबलावर मेणबत्त्याही मांडल्या जातील. त्या दिवशी एखाद्या पाहुण्याने मेणबत्ती उचलून तिची किंमत विचारण्याआधी, ती ओतणाऱ्या माणसाला त्याची मजुरी विचारावी. त्या प्रश्नाने सभागृहात जी शांतता पसरेल, तिच्यावरून संस्थेची संस्कृती भिंतीवरच्या चौकटीपेक्षा अधिक नेमकी कळेल. आणि ज्या वर्षी तो माणूस मान खाली न घालता आकडा सांगेल, त्या वर्षी ती बदलली असे समजावे.